मन खायचे थांबले आहे, हे कशाचे लक्षण समजावे?

हिशेबनीस, अक्कलकोट रोड

सर्वांस प्रभूच्या नावात सलाम. मी सोलापुरातील टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब आणि डिस्पॅचची कागदपत्रे पाहतो. लिहू की नको या विचारात दोन आठवडे गेले, पण मंडळीत समोरासमोर बोलायचे धाडस होत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

टॉवेलचा दर मुख्यतः त्याच्या वजनावर ठरतो, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरते यावर, आणि त्यालाच आम्ही जीएसएम म्हणतो. ते तपासायला एक गोल कटर असतो. कापडावर दाबून फिरवला की बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती निघते, ती लहान काट्यावर ठेवायची आणि आलेल्या ग्रॅमला १०० ने गुणायचे. तीन वर्षांपूर्वी एका लॉटची चकती माझ्यासमोर ४.१ ग्रॅम भरली आणि मला ४५० जीएसएमची लेबले काढायला सांगण्यात आले. मी ती काढली. त्या रात्री मला जेवण गेले नाही. पत्नीला पोट बिघडल्याचे सांगितले, म्हणजे एका खोट्यावर दुसरे चढवले, आणि पहाटेपर्यंत तो काटा डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या वेळी मी स्वतःला समजावले की माल मी विणत नाही, विकतही नाही, मी फक्त लिहितो. तिसऱ्या-चौथ्या वेळी, बाजारात सगळेच असे करतात, एवढे म्हणणे पुरले. पुढे केव्हातरी कारण देण्याचीही गरज उरली नाही. आता मी एका हाताने चहा घेत दुसऱ्या हाताने तो आकडा टाइप करतो. कारणे शोधावी लागत होती, तोवर माझे मन जागे होते, असे आज मागे पाहताना वाटते.

हे लक्षात आले तेही उशिरा. गेल्या महिन्यात प्रभूभोजनाच्या रविवारी नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय वाचला गेला, ज्याच्या पहिल्याच ओळीत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे म्हटले आहे. तो वाचला जात असताना मी दुपारी घरी मटण असल्याचा विचार करीत होतो. भाकर आणि प्याला घेऊन जागेवर परत आल्यानंतर मला एकदम जाणवले की ते वचन माझ्याविषयी होते आणि मला काहीही झाले नाही. भीती वाटली ती पापाची नव्हे, तर काहीच न वाटल्याची.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, सदसद्विवेकबुद्धीला तापल्या लोखंडाचा डाग दिलेल्या माणसांचा उल्लेख आहे. डाग दिलेल्या कातडीला पुढे स्पर्श कळत नाही. मी त्यांच्यातला झालो आहे काय? आणि ज्यांचे मन पापाविषयी हळवे राहिले आहे, ते ते कसे राखतात? कृपया वचनाच्या आधारे आणि अनुभवाने सांगावे.

निवृत्त शिक्षक, सात रस्ता

भाऊ, सलाम. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याच्या ओझ्याखाली दुसरा नीट ऐकू येणार नाही. पौलाने ज्यांच्याविषयी ते लिहिले, ती दांभिकपणे खोटे शिकवणारी माणसे होती, आणि आपल्याला डाग पडला आहे काय हे त्यांच्यापैकी कोणी विचारीत असल्याचे त्या पत्रात दिसत नाही. तुम्ही विचारता आहात. तेव्हा तुमचे मन मेले आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ते ठणठणीत आहे असेही म्हणणार नाही.

एक लहानशी तपासणी करून पाहा. मंडईत भाजीवाल्याने वजनात मारले तर तुम्हाला राग येतो का? येत असेल, तर तुमची सदसद्विवेकबुद्धी काम करते आहे, फक्त तिचे तोंड दुसऱ्यांकडे वळलेले आहे. दाविदाचे नेमके हेच झाले होते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तो गुहेत शौल राजाच्या झग्याचा काठ कापतो आणि एवढ्याशा कापडासाठी त्याचे मन त्याला खाते. तोच दावीद पुढे स्वतः राजा झाल्यावर आपल्या उरीया नावाच्या सैनिकाला लढाईत पुढे ठेवून मारवतो, त्याच्या बायकोला घरी आणतो, मूल जन्माला येते, आणि एवढ्या महिन्यांत त्याच्या तोंडून कबुलीचा शब्द निघाल्याची नोंद नाही. मग नाथान संदेष्टा येतो आणि आरोप न करता गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद काय करतो? भडकतो, त्या श्रीमंताने चौपट भरून द्यावे म्हणतो. परक्या मेंढीच्या बाबतीत त्याचा न्याय अचूक होता. बत्तिसावे स्तोत्र वाचले म्हणजे गप्प राहिलेल्या माणसाची हाडे आतून कशी झिजतात तेही कळते.

आता हळवेपणाविषयी. आपल्याकडे पुष्कळांचा समज असा आहे की हळवे मन म्हणजे लवकर भरून येणारे मन. उपदेशाच्या वेळी डोळे पुसणारा माणूस कोमल मनाचा, असे आपण धरून चालतो. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण प्रेषितांच्या कृत्यांचा चोविसावा अध्याय. तेथे पौल सुभेदार फेलिक्सापुढे सांगतो की देवासंबंधाने आणि माणसांसंबंधाने आपले मन निर्दोष राखण्याचा तो सतत यत्न करतो. मूळ ग्रीक क्रियापद सराव किंवा तालीम करण्याच्या अर्थाचे आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे, नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी ऐकून फेलिक्स घाबरतो. म्हणजे त्याला वाटले, चांगलेच वाटले. पण तो म्हणाला की आता जा, सवड झाली की बोलावीन. आणि लाच मिळेल या आशेने त्याने पौलाला दोन वर्षे अडकवून ठेवले, मधूनमधून बोलावून त्याचे बोलणेही ऐकत राहिला. फेलिक्सला टोचणी नव्हती असे नाही. तिच्याबरोबर राहायचे कसे ते त्याला जमले होते, एवढेच.

दुसरे उदाहरण बापलेकाचे आहे. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, आणि शाफान चिटणीसाने तो राजाला वाचून दाखवला, तेव्हा राजाने आपली वस्त्रे फाडली. हुल्दा संदेष्ट्रीने निरोप दिला की तुझे मन मृदू झाले म्हणून देवाने तुझे ऐकले आहे. हे राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. त्यानंतर जेमतेम वीसेक वर्षांत, यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात, योशीयाचा मुलगा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला आहे. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवली जाते. तीन-चार स्तंभ वाचून झाले की तो चिटणीसाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो, पुन्हा तीन-चार स्तंभ, पुन्हा चाकू. ग्रंथ जाळू नका म्हणून ज्यांनी विनवले त्यांत गमऱ्या होता, शाफान चिटणीसाचा मुलगा. एकाच्या बापाने वाचले आणि दुसऱ्याच्या बापाने वस्त्रे फाडली, त्यांची मुले अशी एका खोलीत आहेत. आणि लेखक मुद्दाम नोंदवतो की राजाने व त्याच्या सेवकांनी वस्त्रे फाडली नाहीत. बापाने कापड फाडले, मुलाने वचन.

मला त्या प्रसंगात सर्वांत भयंकर वाटते ते कापण्याचे हप्ते. सगळी गुंडाळी एकदम आगीत टाकली असती तर निदान हात भाजल्यासारखे वाटले असते. तुमच्या पत्रातही हप्ते आहेत: आधी मी फक्त लिहितो, मग सगळेच करतात, मग काहीच नाही. पण अध्यायाच्या शेवटी देव यिर्मयाला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगतो आणि जळालेले सगळे पुन्हा लिहवून घेतो, वर आणखी भर घालून. तुमच्या रविवारी अकरावा अध्याय वाचला गेला, तो माझ्या मते त्या दुसऱ्या गुंडाळीचाच भाग होता.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. हरवलेली टोचणी परत येण्याची वाट पाहू नका, आणि तिच्यासाठी प्रार्थना करून थांबून राहू नका. काय चूक आहे ते तुम्हाला वचनाने कळलेले आहे. पुढच्या लॉटला ४५० लिहू नका. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पापाच्या फसवणुकीने कठीण होऊ नये म्हणून एकमेकांना बोध करायला सांगितले आहे, आणि तो कधी, तर ‘आज’ म्हणतात तोवर, दररोज. वर्षातून एकदा शुभ शुक्रवारी नव्हे. त्यासाठी तुमची चौकशी करील असा एक भाऊ धरा. आणि पाळकसाहेबांशी बोला. धाडस होत नाही म्हणता, पण येथे लिहिण्याचे तर झाले.

जुना जॉबर

शिक्षकसाहेबांइतके मला वचन ठाऊक नाही, पण बावीस वर्षे यंत्रमागावर काढली आहेत, म्हणून मागाचे एक सांगतो. आमच्या जुन्या मागांना आडव्या धाग्याचा, म्हणजे बाण्याचा, एक लहान काटा असतो. धोटा एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेला आणि बाणा नीट पडला, तर तो धागा काट्याला अडवतो आणि माग चालू राहतो. कांडी संपली किंवा बाणा तुटला, तर काट्याला काही आडवे येत नाही आणि माग आपोआप बंद पडतो. तेवढ्यासाठीच तो बसवलेला असतो.

आता कारागिराला मजुरी किती काम निघाले त्यावर मिळते. काटा वारंवार माग बंद पाडायला लागला की तो वैतागतो आणि सुतळीने काटा बांधून टाकतो. मग माग सुरेख चालतो, आवाजसुद्धा तोच. बाणा तुटला तरी ताणा पुढे सरकत राहतो आणि कापडात उघडी पट्टी पडते. मागाजवळ उभ्या माणसाला ती लगेच कळत नाही, तपासणीच्या टेबलावर उजेडापुढे धरल्यावर कळते, तोवर कधी मीटरभर माल गेलेला असतो.

जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, म्हणून मी पाळीत शिरल्यावर आधी सुतळी शोधायचो. बांधलेला काटा मेलेला नसतो, सोडला की त्याच फेरीला काम करतो. पण एक खरे, सोडल्यावर पहिल्या तासात माग इतक्या वेळा थांबतो की कारागीर शिव्या घालतो. भाऊ, तुम्ही काटा सोडाल तेव्हा पहिले काही दिवस असेच जातील. वजनाच्या लेबलासाठी सोडाल आणि भलत्याच ठिकाणी माग थांबेल. तेव्हा पुन्हा सुतळीकडे हात जाऊ देऊ नका.

व्यापारी, नवी पेठ

मीही विश्वासणारा आहे आणि कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, परंतु येथील उत्तरे पगार घेऊन कुटुंब चालवणाऱ्याच्या अडचणीपासून दूर आहेत असे वाटते. लेबलवरचा जीएसएम आणि प्रत्यक्ष वजन यांत फरक असतो, हे घाऊक घेणाऱ्याला माहीत असते आणि तो त्या हिशेबानेच भाव पाडतो. म्हणजे फसवणूक कोणाचीच होत नाही, ती बाजाराची भाषा झाली आहे. या भावाने उद्या नकार दिला तर मालक दुसरा माणूस ठेवील, माल तोच जाईल आणि याच्या मुलांची फी राहील. अरामी सेनापती नामानाने सुद्धा रिम्मोन या परक्या दैवताच्या देवळात आपल्या राजाबरोबर वाकावे लागेल म्हणून आधीच क्षमा मागितली आणि अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हटले. देव नोकराची अडचण समजतो.

निवृत्त शिक्षक, सात रस्ता

नामानाचा दाखला विचार करण्यासारखा आहे आणि तो आणल्याबद्दल आभार. नोकराची जागा अवघड असते हे मलाही मान्य आहे. ज्या गोष्टीवर त्याचा हात नाही, तिचा सगळा भार त्याच्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु नामानाने आपली अडचण संदेष्ट्यापुढे उघडी ठेवली, मनातल्या मनात निकाल लावून तो मोकळा झाला नाही. आमचे हे भाऊ तीन वर्षे नेमके तेच करीत होते.

राहिली बाजाराची भाषा. घेणाऱ्याला खरोखरच सगळे माहीत असेल, तर लेबलवर ४१० छापायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही; भाव तोच राहील. ४५० छापावे लागते, याचा अर्थ शेवटी कोणीतरी असा आहे ज्याला माहीत नाही. घाऊकवाला नसेल, तर लग्नाच्या आहेरासाठी सहा टॉवेल घेणारी एखादी बाई असेल.

परिचारिका, होटगी रोड

मी या चर्चेत दुसऱ्या टोकावरून आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. हळवे मन हवे असे सगळे म्हणत आहेत. माझे मन इतके हळवे होते की मी सात महिने प्रभूभोजन घेतले नाही.

रात्रपाळीत औषध देऊन झाल्यावर, ते बरोबर दिले की नाही हे मी तीन-तीन वेळा परत जाऊन पाहत असे. ही काळजी होती, आणि कामात ती हवीच. पण मग घरी येऊन, एखाद्या रुग्णाशी आपण तुटकपणे बोललो काय, बोललो असू तर त्याची क्षमा मागायला हवी काय, मागितली ती मनापासून होती काय, असे सुरू होई. एक पाप कबूल करून उठले की कबुली अपुरी वाटे. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिळगुळाबरोबर यात्रेतून आणलेला प्रसाद हातावर ठेवला आणि मी संकोचाने तो घेतला. तीन दिवस मी त्याच प्रसादाभोवती फिरत होते. त्याच तीन दिवसांत नणंदेशी मी अबोला धरून होते, हे मात्र मला एकदाही खुपले नाही. आज हे लिहिताना हसू येते.

तेव्हा हे लक्षात आले की टोचणी लागणे आणि ती योग्य जागी लागणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पौलाने करिंथकरांना मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याविषयी लिहिताना काहींच्या दुर्बल सदसद्विवेकबुद्धीचा उल्लेख केला आहे. त्या दुर्बळ भावाला तो पायाखाली तुडवू देत नाही, पण त्याची टोचणी म्हणजे देवाचा आवाज असेही म्हणत नाही. सदसद्विवेकबुद्धीला शिकवावे लागते. तिला जे घरात, मोहल्ल्यात, मंडळीत शिकवले गेले तेच ती बोलते, मग ते वचनात असो वा नसो. शिकवलेली नसेल तर ती मुंगीवर ओरडते आणि उंटाला वाट देते.

धर्मसुधारक मार्टिन लूथर मठात असताना आपल्या वरिष्ठाकडे, योहान फॉन श्टाउपित्स यांच्याकडे, तासन्‌तास पापकबुली करीत असे आणि उठल्यावर आणखी काही आठवले म्हणून परत जात असे. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू. पुढे १५२१ साली वर्म्सच्या सभेपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाने बांधलेली आहे असे सांगणारा माणूसही तोच होता. बुद्धी तीच, पण आधी ती स्वतःच्याच भीतीने बांधलेली होती.

मला ज्या बाईंनी यातून बाहेर काढले, त्या आमच्या वॉर्डातील वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी तीनच प्रश्न लावून धरले: कोणाचे, काय, आणि आता काय करायचे आहे? पवित्र आत्मा बोट ठेवतो तेव्हा त्या बोटाखाली काहीतरी असते, एखादे माणूस, एखादी रक्कम, एखादा शब्द. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराला ते लगेच कळले आणि त्याने चौपटीचा आकडाच सांगितला. उलट जेव्हा सगळे आयुष्यच काळे दिसते आणि करण्यासारखे मात्र काही सापडत नाही, तेव्हा ती टोचणी तपासून घ्यावी. पेत्रानेही येशूला नाकारले, यहूदानेही त्याला धरून दिले, आणि दोघांनाही अतिशय वाईट वाटले. यहूदाने तर पैसेही परत केले. पण तो याजकांकडे गेला, त्यांनी ‘त्याचे आम्हाला काय’ म्हणून हात झटकले, आणि येशूकडे तो गेलाच नाही.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपले मन आपल्याला दोष देते तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि तो सगळे जाणतो, असे आहे. पूर्वी मला ते वाक्य धमकीसारखे वाटे, की मनाला एवढे कळते तर देवाला किती कळत असेल. आता ते मला आधाराचे वाटते. त्याला सगळे ठाऊक असूनही त्याने आपल्या पुत्राचे रक्त दिले, आणि इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायाप्रमाणे ते रक्त सदसद्विवेकबुद्धीलाच शुद्ध करते. क्षमा मिळणार नाही असे ज्याला वाटते, तो दोनच गोष्टी करू शकतो: माझ्यासारखे रात्रभर जागणे किंवा, राग मानू नका, हिशेबनीस भाऊंसारखे झोपी जाणे. माझी आणि त्यांची व्यथा वेगळी दिसली तरी मूळ एकच असावे, असा मला संशय आहे. वधस्तंभाजवळ पाप मोठ्याने म्हणता येते, म्हणून तेथे मन हळवे ठेवणे परवडते.

पुण्याकडे जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे जागरण झाले आणि कितीतरी मुली व स्त्रिया रडत आपली पापे कबूल करू लागल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले आहे. स्वतः रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला होता, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त नंतर, आठेक वर्षांनी सापडला, हे त्यांनी उघडपणे सांगितले. एवढ्या विदुषीला आपल्याविषयी असे जाहीर म्हणायला लाज वाटली नाही. भाऊ, आपण तर एका लेबलाविषयी बोलतो आहोत.

हिशेबनीस, अक्कलकोट रोड

अकरा दिवसांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांचे मनापासून आभार.

भाजीवाल्याचा प्रश्न वाचून मी खुर्चीतच अवघडलो, कारण त्याच आठवड्यात टोमॅटो पन्नास ग्रॅम कमी भरले म्हणून मी मंडईत चारचौघांत भांडलो होतो आणि घरी येऊन ती हकीकत मुलांना अभिमानाने सांगितली होती.

पाळकसाहेबांना भेटलो. त्यांनी फार काही विचारले नाही, पत्नीला सांगितले आहे काय एवढेच विचारले. सांगितले नव्हते, त्या रात्री सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘त्या दिवशी तुमचे पोट बिघडले नव्हते तर.’ तीन वर्षांपूर्वीची गोष्ट तिच्या लक्षात होती.

त्यानंतर मालकांना सांगितले की काट्यावर जे येईल तेच मी लेबलवर लिहीन. मला वाटले होते की काढून टाकतील. त्यांनी मला चहा पाजला, थोडे हसले, आणि लेबलांचे काम नव्याने लागलेल्या एका मुलाकडे दिले. माझा पगार तोच, टेबल तेच. माल अजूनही ४५० म्हणूनच जातो, फक्त माझ्या हाताने नाही. पहिले दोन दिवस मला फार हलके वाटले आणि मी प्रभूचे उपकार मानले.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा चकती काट्यावर ठेवून माझ्याकडे आला. वय बावीस असेल, घरचा एकटा कमावता. त्याने विचारले, ‘सर, हे तर चार पॉइंट एक येतंय, मग साडेचारशे कुठून आले?’ मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन आल्यासारखे करून बाहेर गेलो. रात्री ताटावर बसलो आणि पहिला घास हातातच राहिला. जॉबर काकांनी लिहिले होते की भलत्याच ठिकाणी माग थांबेल. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सगळे खरे सांगितले, मी पहिल्यांदा काय केले तेही. तो म्हणाला की मग मी काय करू? त्याला नोकरी सोड म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि लिही म्हणण्याचे धैर्य आता होत नाही. मालकांकडे पुन्हा जायला हवे, या वेळी माझ्यासाठी नव्हे, एवढे कळते. पण जाऊन काय बोलायचे ते सुचत नाही. परिचारिका ताईंच्या तीन प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे आहेत, तिसऱ्याचे अर्धेच आहे.

निवृत्त शिक्षक, सात रस्ता

सोमवारी सकाळी मी मोकळा आहे. मालकांच्या केबिनमध्ये येणार नाही, ते बरे दिसणार नाही. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर साडेनऊपासून बसून राहीन. आत जाण्यापूर्वी भेटा, आणि बाहेर आल्यावरही.